आकसण्याचा हिशेब

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांनी ४१ वर्षे पॅटर्न बनवण्याचे काम केले. ओतकामाशी ज्यांचा संबंध आलेला नाही, अशा वाचकांसाठी थोडे सांगते. फौंड्रीत लोखंडाचा एखादा भाग ओतायचा, तर आधी त्याची लाकडी प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबून साचा तयार करतात, मग प्रतिकृती अलगद काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. या लाकडी प्रतिकृतीला पॅटर्न म्हणतात.

ही प्रतिकृती मूळ वस्तूएवढीच करून चालत नाही. ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. अण्णांकडे त्यासाठी एक खास पट्टी आहे. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा असतो. चौथीत असताना मी ती पट्टी शाळेत नेली आणि भूमितीच्या वहीतल्या सगळ्या रेघा चुकल्या. संध्याकाळी अण्णा हसून म्हणाले होते, "अगं, ती पट्टी आजचं माप सांगत नाही. वस्तू निवल्यावर केवढी राहील, त्याचा हिशेब आहे तो."

हे वाक्य मला पन्नाशीत पुन्हा आठवले, तेही संगणकाच्या खरेदीच्या निमित्ताने.

अण्णा आता ७६ वर्षांचे आहेत. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी आपले छोटे वर्कशॉप थाटले होते. नातवंडांसाठी खेळणी, शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या, देव्हाऱ्याची नक्षी असे काहीबाही तिथे चालत असे. दोन-अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या हातांना कंप सुटला. चहाचा कप उचलताना बशीत चहा सांडू लागला, सही वेडीवाकडी येऊ लागली. आम्हा सर्वांच्या मनात पहिले नाव आले ते कंपवाताचे. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून सांगितले की हा कंपवात नाही. कंपवातात बहुधा हात स्वस्थ असताना थरथरतो. अण्णांचा हात काही करायला जाताना थरथरतो. या विकाराला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. त्यासाठी प्रथम जे औषध दिले जाते, ते अण्णांच्या जुन्या दम्यामुळे देता येत नव्हते. दुसऱ्या औषधाने थोडा उतार पडला, पण थरथर पूर्णपणे थांबली नाही.

तरीही ते शेडमध्ये जात राहिले. मग एका पावसाळी दुपारी पटाशी सटकली आणि डाव्या तळव्यात शिरली. सहा टाके पडले. जखम भरून आल्यावर अण्णांनी सगळ्या पटाश्यांना तेल लावले, जुन्या धोतराच्या फडक्यात त्या गुंडाळल्या आणि ट्रंकेत ठेवून दिल्या. जेवताना त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, "बँड सॉला भंगारवाला काय देईल गं?"

प्रामाणिकपणे सांगायचे, तर त्या क्षणी मला हायसे वाटले. पुन्हा रक्त नाही, पुन्हा धावपळ नाही. काळजीवाहकाच्या मनात सुरक्षिततेचा हा लोभ फार लवकर घर करतो. त्याची किंमत पुढच्या तीन महिन्यांत दिसू लागली. अण्णा दुपारभर झोपू लागले आणि रात्री जागे राहू लागले. वर्तमानपत्र न उलगडता पडून राहू लागले. आई म्हणायची, "हे घरात आहेत की नाहीत, ते कळतच नाही."

मार्ग सुचवला तो माझ्या मुलाने. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही संगणकावर आकृती काढा. लाकूड यंत्र कापेल." त्याच्या महाविद्यालयात असे यंत्र त्याने पाहिले होते. संगणकावरची आकृती जी-कोड नावाच्या सूचनांत रूपांतरित होते आणि त्या सूचनांबरहुकूम फिरते पाते लाकडावर चालते. हौशी कामासाठी त्याचे टेबलावर मावणारे छोटे अवतार मिळतात. अण्णांनी ऐकून घेतले आणि काहीच बोलले नाहीत. त्या गप्प राहण्याला मी होकार समजले आणि उत्साहाच्या भरात एक चूक केली.

मी बाजारात गेले आणि ४६,००० रुपयांचा लॅपटॉप घेऊन आले. विक्रेत्याने तर ८५,००० रुपयांचा, खेळांसाठीचा लॅपटॉप दाखवला होता. डिझाइनचे काम म्हटले की तोच हवा, असा त्याचा आग्रह होता. त्या मानाने मी काटकसर केली, असे मला वाटत होते. अण्णांनी तो उघडला. १४ इंची पडद्यावरची अक्षरे त्यांना वाचता येईनात. चष्म्याच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी मान वर करावी लागे आणि पाच मिनिटांत मानेला रग लागे. स्पर्शपट्टीवर थरथरते बोट टेकले की बाण पडद्यावर माशीसारखा उडू लागे. एका संध्याकाळी त्यांनी झाकण अलगद मिटले आणि म्हणाले, "माझं वय गेलं गं आता हे शिकण्याचं."

चार दिवसांनी मी ती हकिगत आमच्या व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंना सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घेताना त्यांना बरोबर नेलं होतंत का?" मी निरुत्तर झाले. ज्यांच्यासाठी वस्तू घ्यायची, ते घरी बसलेले होते आणि मी दुकानदाराशी प्रोसेसरची चर्चा करत होते.

त्या रात्री मी अण्णांपुढे एक कोरा कागद ठेवला आणि विचारले, "अण्णा, नवीन पॅटर्नचं काम आलं की तुम्ही आधी काय विचारायचात?" ते थोडा वेळ शांत बसले. मग म्हणाले, "पहिलं, ही वस्तू करणार काय आहे. दुसरं, कुठं बसणार आहे. तिसरं, किती आकसणार आहे." या तीन प्रश्नांवर आमची पुढची सगळी खरेदी झाली. ज्यांच्या घरी अशीच खरेदी होऊ घातली असेल, त्यांना उपयोग होईल म्हणून ती क्रमाने सांगते.

संगणक करणार काय होता? पाट्या, नक्षी, लाकडी कोडी आणि साधे घन आकार. अशा कामाला महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेली सोय पुरते. मुलाने अण्णांसाठी दोन आज्ञावल्या निवडल्या. सपाट रेखाटनासाठी इंकस्केप आणि त्रिमित आकारांसाठी फ्रीकॅड. दोन्ही कायमच्या मोफत आहेत आणि इंटरनेट नसतानाही चालतात. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरात दरवर्षी शुल्क भरावे लागणारी आज्ञावली घेणे मला पटले नाही. हौस मावळली तर पैसे वाया जातात आणि हौस टिकली तर खर्च टिकतो. आज्ञावली आधी ठरवावी आणि ती ज्यावर नीट चालेल असा संगणक मग शोधावा, हा क्रम माझ्या पहिल्या खरेदीत नेमका उलटा झाला होता.

यावेळी अण्णांना घेऊन मी वापरलेल्या संगणकांच्या दुकानात गेले. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपले संगणक बदलतात आणि ते तपासून, स्वच्छ करून पुन्हा विकले जातात. त्यांना रिफर्बिश्ड म्हणतात. यात एक खाचखळगा आहे. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्याहून जुना संगणक स्वस्तात मिळाला, तरी जो संगणक इंटरनेटला जोडायचा आहे त्यासाठी तो घेऊ नये. आम्ही आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी असा संगणक १६,५०० रुपयांत घेतला. सहा महिन्यांची हमी लिहून घेतली. दुकानातच अर्धा तास चालवून पंख्याचा आवाज ऐकला. तो आवाज ऐकण्याचे काम अण्णांचे. बेअरिंग बिघडलेले त्यांना कानानेच कळते. पहिला संगणक त्यांनी त्यावरूनच नाकारला.

दुसरा प्रश्न, तो कुठे बसणार होता? अण्णांची जागा म्हणजे खिडकीजवळचे जुने शिसवी टेबल. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एक सोयीचा केला की दुसरा गैरसोयीचा होतो. टेबलावरच्या संगणकाचे भाग सुटे असतात, म्हणून वृद्धांसाठी तो मला अधिक योग्य वाटतो. पडदा आम्ही २७ इंची, फुल एचडी घेतला. नवा, १०,८०० रुपयांचा. याहून बारीक ठिपक्यांचे महाग पडदे दुकानात होते. पण फुल एचडीमध्ये तेवढेच ठिपके मोठ्या काचेवर पसरतात आणि अक्षरे आपोआप मोठी दिसतात, हे अण्णांनी शेजारी शेजारी दोन पडदे पाहून स्वतःच ताडले. पडदा हाताच्या अंतरावर ठेवला. सर्वसाधारणपणे त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर असावी असे सांगतात. परंतु दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांनी तो आणखी थोडा खाली घ्यावा, म्हणजे मान मागे टाकावी लागत नाही. खिडकी पाठीमागे किंवा समोर न ठेवता बाजूला ठेवली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या अण्णांच्या डोळ्यांना पडद्यावरची चमक फार त्रास देते.

आता तिसरा प्रश्न, आकसण्याचा. अण्णांचा हात आज जेवढा थरथरतो, त्याहून पुढच्या वर्षी अधिक थरथरू शकतो. नजर आज आहे तेवढीच राहील असे नाही. तेव्हा आजच्या मापाची वस्तू घेऊन चालणार नव्हते; थोडे वाढवून घेणे भाग होते. माऊसऐवजी आम्ही ट्रॅकबॉल घेतला. त्याचे बूड टेबलावर स्थिर राहते आणि वरचा चेंडू बोटांनी फिरवायचा असतो. सबंध तळवा त्याच्यावर विसावतो आणि बटण दाबताना बाण जागचा हलत नाही. तो ३,४०० रुपयांना पडला. सर्वांनाच तो मानवेल असे नाही, म्हणून दुकानात हाताखाली घेऊन पाहावा. मोठ्या अक्षरांचा कळफलक ९०० रुपयांचा. वीज गेली तर काम जतन करण्यापुरता वेळ मिळावा म्हणून लहान यूपीएस २,६०० रुपयांचा. अशी सगळी बेरीज ३४,२०० रुपये झाली. माझ्या त्या घाईच्या लॅपटॉपपेक्षा ती ११,८०० रुपयांनी कमी होती. तो लॅपटॉप आता मुलाकडे आहे.

दुकानात मिळत नाहीत अशा काही सोयी विंडोजमध्येच दडलेल्या असतात. बाणाचा वेग आम्ही कमी केला, बाणाचा आकार मोठा केला. फिल्टर कीज नावाची एक सोय आहे. ती चालू केली की चुकून क्षणभर लागलेला किंवा लागोपाठ पडलेला कळीचा स्पर्श संगणक मोजत नाही. थरथरत्या बोटांसाठी ती वरदान आहे. व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंनी हातांची खुर्ची घ्यायला लावली आणि दोन्ही कोपरे टेकवूनच काम करायचे, असा दंडक घातला. कोपर टेकले की थरथर खरोखरच कमी होते. दर २० मिनिटांनी खिडकीबाहेरच्या पेरूच्या झाडाकडे २० सेकंद पाहायचे, हा नियम आईने आपल्याकडे घेतला आहे. "अहो, झाड!" अशी हाक येते आणि अण्णा मुकाट्याने झाडाकडे पाहतात.

तरीही मला खरी शंका होती ती रेखाटनाची. ज्या हाताला सरळ रेघ ओढता येत नाही, तो संगणकावर तरी कशी ओढणार? पहिल्याच दिवशी मुलाने त्यांना दाखवले की रेघ हाताने ओढावी लागतच नाही. लांबी १२०, जाडी १२, भोकाचा व्यास ८ असे आकडे कळफलकावर टंकले की आकृती तेवढ्याच मापाची उमटते. अण्णांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. आयुष्यभर त्यांच्या हाताने जे केले, त्यामागचे आकडे डोक्यात जसेच्या तसे होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी नातवाला विचारले, "सगळंच एक टक्का मोठं करायचं असेल तर?" त्याने एक चौकट उघडून १०१ हा आकडा भरला. अण्णा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. त्यांची ती खास पट्टी त्या चौकटीत मावली होती.

आता वर्कशॉपचा संगणक. डिझाइनचा संगणकच शेडमध्ये का नेऊ नये, असे मला वाटले होते. त्याला दोन कारणे आड आली. एक म्हणजे भुसा. संगणकाचा पंखा हवेबरोबर लाकडाची बारीक धूळही ओढून घेतो आणि आतला भाग तापू लागतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. लाकडाच्या धुळीचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला आहे, आणि अण्णांना तर दमा आहे. तेव्हा विचार करण्याचे, रेखाटण्याचे तासन्‌तासांचे काम स्वच्छ खोलीत व्हावे आणि शेडमध्ये केवळ कापण्यापुरतेच जावे, अशी विभागणी केली.

कापणाऱ्या यंत्राला जोडायचा संगणक अगदी साधा चालतो, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. जी-कोड म्हणजे निव्वळ अक्षरे आणि आकडे. या दिशेला ४० मिलिमीटर जा, मग खाली २ मिलिमीटर उतर, अशा ओळींमागून ओळी. आम्ही घेतलेले यंत्र ३०१८ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारातले आहे; सुमारे ३० बाय १८ सेंटिमीटरच्या चौकटीत ते काम करते. त्याच्या नियंत्रकात जीआरबीएल ही आज्ञावली असते आणि मोटारींचा सूक्ष्म हिशेब तीच ठेवते. संगणकाने फक्त एकेक ओळ यूएसबीतून पुढे सरकवायची. त्यासाठी माझा कपाटात पडलेला, २०१४ सालचा लॅपटॉप आम्ही बाहेर काढला. १,५०० रुपयांची एसएसडी बसवली आणि ओळी पाठवणारी एक मोफत आज्ञावली घातली. तो इंटरनेटला जोडलेलाच नाही; आकृती पेनड्राइव्हवरून जाते. त्यामुळे त्याच्या जुनेपणाची फारशी चिंता राहत नाही.

सर्वच यंत्रांना हा नियम लागू नाही. अण्णांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे मोठे राउटर आहे. त्याला संगणकाच्या २५ पिनांच्या पॅरलल पोर्टमधून थेट स्पंदने जातात आणि त्याची मॅक-थ्री ही आज्ञावली त्या पोर्टवर फक्त ३२ बिटांच्या विंडोजमध्ये चालते. यूएसबीला लावायचे प्रिंटरचे रूपांतरक तिथे उपयोगी पडत नाहीत. ज्यांच्याकडे असे यंत्र आहे, त्यांनी घरातला जुना डेस्कटॉप भंगारात देण्याची घाई करू नये. यंत्र आधी पाहावे आणि त्याला साजेसा संगणक मग ठरवावा.

जुन्या लॅपटॉपने आम्हाला एक धडाही दिला. अण्णा एक पाटी कापत होते. यंत्र व्यवस्थित चालले होते आणि लॅपटॉपला बराच वेळ कोणी हात लावला नव्हता, म्हणून तो झोपी गेला. सूचना थांबल्या, यंत्राची हालचाल थांबली. मात्र पाते जागच्या जागी फिरतच राहिले. दोन मिनिटांत सागवानातून धूर निघू लागला. अण्णा तिथेच स्टुलावर बसलेले होते, म्हणून त्यांनी तत्काळ वीज बंद केली. पाटीवर एक काळा ठिपका राहिला आहे. तेव्हापासून त्या लॅपटॉपची झोप, पडदा मिटणे आणि यूएसबीची वीज-बचत हे सारे आम्ही कायमचे बंद केले. स्टुलावरून हात पोहोचेल अशा जागी मोठे लाल बटण बसवले. आणि यंत्र चालू असताना शेड सोडायची नाही, हा नियम भिंतीवर लिहिला.

मुलाला लेसरने कापणारे यंत्र घ्यावे असे वाटत होते. त्याने बारीक नक्षी फार सुरेख होते. पण लेसर लाकूड जाळून कापतो. प्लायवूड आणि एमडीएफ जळताना त्यातल्या डिंकाचाही धूर होतो. पीव्हीसी किंवा पीव्हीसीचा थर असलेले रेक्झिन त्याखाली धरले, तर हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्रालाही गंजवतो. दम्याच्या माणसासाठी हा धोका पत्करण्याजोगा नाही, असे आमच्या डॉक्टरांनीही सांगितले. ज्यांच्या घरी लेसर आहे, त्यांनी धूर बाहेर नेणारा पंखा, यंत्रावर झाकण आणि त्या लेसरच्या तरंगलांबीसाठीच बनवलेला चष्मा याशिवाय तो चालवू नये. साधा काळा गॉगल डोळ्यांचे रक्षण करत नाही.

फिरत्या पात्याचे यंत्रही सौम्य समजू नये. अण्णा एन-९५ मुखपट्टी आणि चष्मा लावतात. भुसा झाडून उडवण्याऐवजी व्हॅक्यूमने ओढून घेतात. हातमोजे मात्र घालत नाहीत. फिरत्या पात्यात मोजा अडकला तर तो बोटांसकट ओढला जातो. बाह्या दुमडलेल्या हव्यात. आई शेडमध्ये डोकावते तेव्हा पदर खोचूनच येते. लाकूड पट्ट्यांनी घट्ट आवळण्याचे काम थरथरत्या हाताने करताना यंत्राची वीज बंद असते. पहिले दोन महिने ते आवळणे मुलगा करत असे. आता मोठ्या मुठीचे स्क्रू अण्णांनी स्वतःच बनवले आहेत.

या सगळ्याने अण्णांचा कंप बरा झाला नाही. औषध चालूच आहे आणि सही अजूनही वेडीवाकडीच येते. काही दिवस असे येतात की कळफलकावर एक आकडा नीट पडत नाही. मग ते उठून बाहेर पारावर जाऊन बसतात. पटाश्या अजून ट्रंकेतच आहेत. लाकडाचा रेषाविन्यास बोटांखाली जाणवत नाही, ही खंतही त्यांनी एकदा बोलून दाखवली आणि मी तिच्यावर काही उत्तर दिले नाही. पण दुपारची झोप आता अर्ध्या तासावर आली आहे आणि रात्रीची लांबली आहे. भंगारवाल्याचा विषय पुन्हा निघालेला नाही.

काळजी घेणाऱ्या माझ्यासारख्यांना एवढेच सांगावेसे वाटते की खरेदीला निघताना त्यांना बरोबर न्या आणि वस्तू त्यांच्या हाताखाली, त्यांच्या नजरेसमोर ठेवून पाहा. पैसे कमी असतील, तर ते आधी पडदा, खुर्ची आणि हाताखालच्या साधनांवर खर्च करा. वेगवान प्रोसेसरचा क्रमांक त्यानंतर येतो. काम थोडे संथ झाले तरी कोणाचे काही अडत नाही. माणूस टेबलापाशी बसूच शकला नाही, तर सारेच अडते.

गेल्या महिन्यात अण्णांनी एक लहानशी वस्तू कापली. आईच्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजला आहे. कुलपाची किल्ली चिमटीत धरून फिरवताना तिला कळ येते. अण्णांनी सागवानाची एक चपटी मूठ रेखाटली. तिच्यात किल्ली अडकवली की ती सबंध तळव्याने फिरवता येते. चार नमुने झाले. चौथा आईच्या हातात अगदी बेतशीर बसला. "हाच द्या," ती म्हणाली. अण्णांनी तो परत घेतला, टेबलाशी गेले, कोपरे टेकवले आणि एकेक बोट जपून ठेवत काही आकडे बदलले. पाचवी मूठ चौथीपेक्षा थोडी जाड आणि थोडी लांब होती.

"अहो, ती बरोबर होती की!" आई म्हणाली.

"आज बरोबर होती," अण्णा म्हणाले. "पुढच्या वर्षी तुझी मूठ एवढी वळायची नाही. तेवढं धरून केलीय."